मावशीतली शी

घाणीची किळस बाईंना कधी आली नाही. माणसांची मात्र येता-जाता यायची. निदान त्या स्वतः तरी छातीठोकपणे असंच सांगायच्या. जिन्यात पिंक टाकणारा दिसला की त्यांच्या पोटात ढवळायचं, गोड गोड बोलणारा भेटला की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाखालची भरलेली चादर त्या अशा काढायच्या, जणू टेबलावरचं कापड बदलताहेत. माघारी सगळे त्यांना फिनाईलबाई म्हणत. एक तर तो वास त्यांच्या अंगाला कायमचा चिकटलेला, आणि दुसरं म्हणजे त्यांची जीभ. जिथे पडेल तिथलं साफ.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी इस्पितळात नर्स म्हणून काढली आणि पुढची एका संस्थेत. ही संस्था घरोघरच्या आजारी, म्हाताऱ्या माणसांकडे सेवेसाठी बायका पाठवायची. त्या बायकांना सगळे मावशी म्हणत, आणि साध्यासुध्या बाईची मावशी करणं हे बाईंचं काम. त्यासाठी त्यांनी अख्खा अभ्यासक्रम स्वतः रचला होता. कूस कशी बदलायची, भांडं कसं लावायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, सगळं त्यात होतं. संस्थेच्या तळमजल्यावर एक लांबट खोली होती. तिथे सरावासाठी लोखंडी खाट आणि खाटेवर माणसाएवढा रबरी पुतळा. पुतळ्याचं नाव जावईबापू. का, तर दिवसभर एवढ्या बायका सेवेला आणि हा पठ्ठ्या ढिम्म हलायचा नाही.

नवीन वर्ग सुरू झाला की बाई पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. "मावशी म्हणवून घ्यायचंय ना? मग कान उघडे ठेवून ऐका. मा, व, शी! तुमच्या नावातच शी आहे. ती तिथेच राहू दे. वेगळी काढून रुग्णाच्या तोंडावर मारायची नाही!" बायका खुसखुसायच्या. मग बाई फळ्याकडे वळून मोठ्या अक्षरांत एक वाक्य लिहायच्या: 'जिच्या तोंडून रुग्णासमोर शी निघेल, तिने हे काम सोडावं.' खुसखुस बंद.

हे वाक्य त्यांनी उगाच लिहिलेलं नव्हतं. नर्स होऊन नुकत्या कुठे कामाला लागल्या होत्या, तेव्हा वॉर्डात एक आजीबाई होत्या. बडबड्या, सगळ्यांची चौकशी करणाऱ्या, डॉक्टरांनाही 'जेवलास का रे' विचारणाऱ्या. एका सकाळी त्यांना अंथरुणातच झालं. साफ करायला आलेली आया नाक दाबून म्हणाली, "शी शी शी! काय हे आजी!"  दुपारी ताट आलं तसंच परत गेलं. संध्याकाळचंही गेलं. विचारलं की म्हणायच्या, भूक नाही गं. आत गेलं नाही म्हणजे बाहेर येणार नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. त्या हिशेबातच त्या गेल्या. डॉक्टरांनी मरणाचं कारण भलंमोठं लिहिलं. बाईंच्या मते ते एका अक्षराचं होतं.

तर अशा ह्या बाई आता काम सोडत होत्या. कंटाळून नव्हे. नवऱ्याला झटका आला आणि त्याची उजवी बाजू लुळी पडली. त्याचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. जगाच्या चुका काढायचा त्याचा धंदा, पण घरात बायकोची चूक काढायची त्याची कधी छाती झाली नाही, आणि बाईंनीही सगळ्या संसारात 'चुकलं' हा शब्द तोंडातून काढला नव्हता. झटक्याने त्याची वाचा गेली आणि जिभेवर गंमत म्हणून एकच शब्द उरला: चूक! पाणी हवं असलं तरी चूक, पंखा नको असला तरी चूक. बाई कामावर असताना नणंदबाई त्याच्याजवळ बसायच्या, पण आता त्यांच्या गुडघ्यांनीही संप पुकारला होता.

संस्थेने प्रशिक्षणासाठी नवीन माणसं नेमली. तयार झालेला अभ्यासक्रम, खोली, कपाटं आणि जावईबापू, सगळं त्यांच्या हवाली करायचा दिवस ठरला. बाईंना एकाच गोष्टीची धास्ती होती. बाकी काय वाटेल तो धिंगाणा घालोत, पण अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावरही त्यांनी घातलेलं ते फळ्यावरचं वाक्य राहिलं पाहिजे. आज ना उद्या नवऱ्यासाठीही इथलीच मावशी घरी आणावी लागणार होती. ती शी म्हणाली तर? आणि ह्यांनी ताट परत पाठवलं तर? 

ठरल्या दिवशी बाई खोलीत शिरल्या आणि दारातच थबकल्या. खोलीभर कसल्यातरी फुलांचा खोटा वास मारलेला. जावईबापूंच्या पोटावर लॅपटॉपची बॅग. आणि बूट न काढता सरावाच्या खाटेवर मांडी ठोकून बसलेला एक तरुण, बिस्किटं खातोय. ती बिस्किटं त्याने कपाटावरच्या स्टीलच्या चकचकीत ताटलीत छान मांडून ठेवली होती.

"बाई, या ना, बिस्किट घ्या," तो म्हणाला.

"तुम्हीच खा," बाई म्हणाल्या. "ते ओकारीचं भांडं आहे."

तरुणाचा घास तिथल्या तिथे अडकला. भांडं उकळून लख्ख केलेलं होतं, पण ते काही बाईंनी सांगितलं नाही. मेल्याला तेवढीच अद्दल.

त्याच्यासोबत नव्या गटाच्या प्रमुख मॅडम होत्या. फुलांच्या वासाची बाटली त्यांच्याच हातात होती. बाईंनी मनातल्या मनात दोघांचं बारसं उरकून टाकलं: ही अत्तरवाली आणि तो होयबा. कारण मॅडम काहीही बोलल्या की तो "हो हो, अगदी बरोबर" म्हणून मान हलवायचा.

"बाई, तुमचं काम ग्रेट आहे," अत्तरवाली म्हणाली. "आम्ही फक्त त्याला थोडं सुटसुटीत केलंय. छान पुस्तक होणार आहे."

"हो हो, छानच," होयबा म्हणाला.

बाईंना मळमळलं. ग्रेट म्हणे! ज्या खोलीत त्यांनी बायकांना हात धुवायचा कसा इथपासून शिकवलं, तिथे ही माणसं बूट घालून अंथरुणावर बसतात, आणि वर तोंडात साखर. त्यांनी पुढ्यातला छापील कच्चा मसुदा ओढला आणि पहिलं पान उघडलं. पान गुळगुळीत होतं. वर हसऱ्या बाईचं चित्र, खाली 'आपले स्वागत आहे'. वाक्य गायब.

"माझं वाक्य कुठाय?"

अत्तरवालीने खुर्ची जरा पुढे घेतली. "बाई, राग मानू नका. ते फार कठोर आहे. बायका घाबरतात. गेल्या वर्गातली ती डावखुरी आठवते? आम्हाला ऑफिसात कळलं तिचं. सरावाच्या वेळी तिच्या तोंडून एकदा निघालं. कोणी काही म्हणायच्या आत तीच फळ्यावरचं वाचून रडत निघून गेली. तिचा हात किती हलका आहे, हे तुम्हीच सांगत होतात म्हणे."

"गेली ना? ब्याद टळली."

"पण बाई, किळस काय कोणी ठरवून करतं का?"

"मला नाही येत ती!" बाईंनी टेबलावर हात आपटला. "इतकी वर्षं झाली, एकदा तरी निघालं का माझ्या तोंडून? ज्यांना नाकं मुरडायची त्यांनी फुलांच्या दुकानात काम करावं. माणसाच्या अंगाला हात लावायला येऊ नये."

होयबा सवयीने "हो हो" म्हणाला आणि मॅडमकडे बघून गप्प झाला. बाईंनी सामानाच्या कपाटाची किल्ली टेबलावरून उचलून मुठीत घट्ट धरली. वाक्य परत आल्याशिवाय किल्ली मिळणार नाही, मग साहेबांना बोलवा नाहीतर त्यांच्या आजोबांना. अत्तरवाली बराच वेळ समजावत राहिली, बाई बराच वेळ ओरडत राहिल्या. शेवटी तिने हात टेकले. लाल पेनाने ते वाक्य पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिलं आणि मसुदा बाईंच्या हातात दिला.

"घरी नेऊन एकदा नजरेखालून घाला. उद्या सकाळी फोन करते, मग छापायला जाईल. आणि बाई, पुस्तकात तो शब्द बरा दिसत नाही म्हणून बाकी सगळीकडे शीचं मलविसर्जन केलंय. चालेल ना?"

"करा काय करायचंय ते. माझ्या वाक्यातल्या शीला हात लावू नका." बाईंनी किल्ली टेबलावर टाकली. जाता जाता जावईबापूंच्या पोटावरची बॅग खाली ठेवली, त्याची चादर सरळ केली आणि मागे वळून न बघता बाहेर पडल्या.

घरी पोचल्या तेव्हा ऊन खिडकीतून पार भिंतीपर्यंत गेलं होतं. "वन्सं, जा तुम्ही आता, पाय लांब करून पडा," असं म्हणून त्यांनी नणंदेला मोकळं केलं. नवऱ्याचं अंग पुसलं, धुतलेली चादर घातली, आणि खाटेशेजारी स्टूल ओढून बसल्या. स्वारी खुशीत होती.

"अहो, जिंकले मी. काय माणसं असतात एकेक, ऐकलंत तर उलटी होईल. हे बघा, तिच्याच हातून लिहून घेतलं." त्यांनी ते लाल वाक्य ठसक्यात वाचून दाखवलं.

नवऱ्याने डावं बोट वर केलं. "चूक."

"काय चूक? ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर आहे."

"चूक," तो पुन्हा म्हणाला.

"तुमचं आपलं एकच पालुपद," म्हणून बाईंनी पान उलटलं आणि मोठ्याने वाचायला लागल्या. "'मावमलविसर्जनने रुग्णाच्या मानेखाली'... काय?" त्या थांबल्या. चष्मा वर-खाली केला. "'मावमलविसर्जनने रुग्णाच्या मानेखाली उमलविसर्जन द्यावी.'"

क्षणभर त्यांना काही उमगेना. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. होयबाने कॉम्प्युटरला सांगितलं असणार, जिथे जिथे शी दिसेल तिथे तिथे मलविसर्जन घाल. कॉम्प्युटरही दुसरा होयबा! त्याने मावशीतली शी सोडली नाही आणि उशीतली तर नाहीच नाही.

"अगं बाई, हे ऐका! 'कूस कमलविसर्जन बदलावी.' 'रुग्णामलविसर्जन गोड बोलावं.' 'जखमेवर मामलविसर्जन बसू देऊ नये!'"

खाटेवरून कण्हल्यासारखा आवाज आला. बाई दचकल्या. बघतात तर नवरा हसत होता. झटका आल्यापासून पहिल्यांदा. अर्धाच चेहरा हसत होता, पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. आयुष्यभर लोकांची मुद्रितं तपासली, पण असा माल त्याच्या हाती लागला नव्हता. त्याने डाव्या हाताने बाईंचं मनगट धरलं, आणखी वाच म्हणून हलवलं.

बाईंना चेवच चढला. शोधून शोधून त्या एकेक रत्न काढू लागल्या. तो खिदळत होता, त्याचं पोट गदागदा हलत होतं. "'अमलविसर्जन काळजी घेतल्यास रुग्ण खुमलविसर्जनत राहतो!'" हे ऐकल्यावर तर त्याने डोळेच मिटून घेतले, श्वास लागला, सगळं अंग सैल सोडलं.

आणि वास आला.

नुकतीच घातलेली चादर. दिवसभराचं डोकं उठलेलं, जेवायचंही राहिलेलं. बाईंनी झटकन मनगट सोडवून घेतलं, आणि काय होतंय ते कळायच्या आत त्यांच्या तोंडून निघालं, "शी! अहो, काय हे!"

हसणं थांबलं. दिवा बंद करावा तसं थांबलं.

मग बाईंनी सगळं रीतसर केलं. पाणी कोमट, कापड मऊ, कूस हळू. त्यांच्या अभ्यासक्रमात लिहिलं होतं तसंच, एक पायरी इकडची तिकडे नाही. नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो भिंतीकडे बघत होता आणि अंग चोरून घेत होता, डाव्या बाजूला जेवढं चोरता येत होतं तेवढं. बाईंनी मोरीत जाऊन चादर भिजत घातली, हात धुतले. मग चूळ भरली. पुन्हा भरली. तोंडातली घाण काही जाईना. आरशात स्वतःचं थोबाड दिसलं तेव्हा त्यांना अशी किळस आली, जशी ओकारीच्या भांड्यात बिस्किटं खाणाऱ्याचीही आली नव्हती. वाक्य तर तोंडपाठ होतंच. तिने हे काम सोडावं. आता ह्या कामावरून उठून त्या कुठे जाणार होत्या?

सकाळी त्यांनी सूप केलं. मानेखाली उशी दिली, चमचा ओठांना लावला. नवऱ्याने ओठ मिटून घेतले.

"थोडंसं घ्या."

त्याने मान भिंतीकडे वळवली. बाईंनी इकडून लाडीगोडी लावली, तिकडून दरडावून पाहिलं. दात घट्ट. त्यांना वॉर्डातल्या आजींचं ते तसंच परत गेलेलं ताट दिसायला लागलं.

तेवढ्यात फोन वाजला. एका हातात वाटी, दुसऱ्यात चमचा, म्हणून बाईंनी कोपराने बटण दाबून तो तसाच खाटेवर मोठ्या आवाजात सोडला.

"बाई, गुड मॉर्निंग," अत्तरवाली बोलत होती. "छापायला पाठवतेय. पहिलं पान तुमच्या शब्दाप्रमाणे केलं बरं का. ऐका, 'जिच्या तोंडून रुग्णासमोर शी निघेल, तिने हे काम सोडावं.' ठीक आहे ना?"

खोलीत ते वाक्य घुमलं. नवऱ्याची मान भिंतीकडेच होती.

"काढा ते," बाई म्हणाल्या.

"काय काढू?"

"ते वाक्य. काढून टाका. खोटं आहे ते."

"अहो, काल तुम्ही त्याच्यासाठी किल्ली..."

"काल संध्याकाळी माझ्या तोंडून निघालं. माझ्या नवऱ्यासमोर. ह्यांना अंथरुणात झालं आणि मी शी म्हटलं. मी!" बाईंचा आवाज चिरकला. "आता ते खात नाहीत."

पलीकडे होयबासुद्धा हो म्हणाला नाही. मग अत्तरवालीने हळूच विचारलं, "मग त्या जागी काय लिहू, बाई?"

"लिहा की किळस येते. चांगल्या मावशीलाही येते. एखाद दिवशी तोंडून निघूनही जाईल. निघालं तर रडत पळून जायचं नाही, आणि काही घडलंच नाही असं दाखवून चादर बदलत बसायचं नाही. त्या माणसासमोर बसायचं आणि म्हणायचं..." पुढचा शब्द त्यांनी कधी वापरलेलाच नव्हता, तो येणार कुठून? बाईंनी वाटी खाली ठेवली. खाटेला वळसा घालून त्या भिंतीच्या बाजूला गेल्या, भिंत आणि खाट ह्यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत अंग कोंबून कशाबशा खाली बसल्या, नवऱ्याच्या तोंडासमोर तोंड येईल अशा.

"अहो, चुकलं माझं."

तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"बाई? आहात ना?" फोन म्हणाला.

"आहे. त्या डावखुरीला शोधून परत बोलवा. शिकून झाली की पहिल्यांदा आमच्याकडेच पाठवा, माझ्याही तोंडून निघालं होतं हे मीच सांगेन तिला. आणि छापायच्या आधी दुसरं पान वाचा, पोट धरून हसा, मग दुरुस्त करा. ठेवते."

बाई फटीतून बाहेर यायला लागल्या तर येता येईना. एका हाताने खाट धरून धडपडत त्या उठल्या, तेव्हा नवऱ्याच्या चेहऱ्याचा हलणारा अर्धा भाग जरा हलला. त्याने डावं बोट वर केलं.

"चूक," तो म्हणाला.

"हो. माझीच."

त्याने तोंड उघडलं. बाईंनी घाईघाईने चमचा भरून आत घातला. त्याने तो गिळला, कपाळाला आठ्या घातल्या आणि पुन्हा म्हणाला, "चूक."

बाईंनी वाटीला हात लावून पाहिला. सूप पार गार झालं होतं.

"आणते गरम करून," त्या म्हणाल्या आणि नाक ओढत स्वयंपाकघरात गेल्या.